नळीभोवतीचं काम

मण्यार चावलेला माणूस व्हेंटिलेटरवर येतो तेव्हा त्याची फुप्फुसं ठणठणीत असतात. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला असतो. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो. उजाडेपर्यंत पापण्या जड होतात, शब्द तोतरे होतात, मग थुंकी गिळता येत नाही आणि शेवटी श्वास उथळ होत जातो. विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोप बंद पाडतं, फुप्फुसाला मात्र हात लावत नाही. काही दिवस यंत्राने श्वास दिला की तंतूंची टोकं पुन्हा कामाला लागतात आणि तो आपल्या पायांनी घरी जातो. जायला हवा. मधल्या दिवसांत त्याला न्यूमोनिया झाला, वाळलेल्या कफाने नळी बुजली किंवा कूस बदलताना ती निसटली, तर तो दोष सापाच्या माथी मारता येत नाही. ते आमच्या हातून झालेलं असतं.

हे पुस्तक त्या मधल्या दिवसांबद्दल आहे. लेखिका परिचारिका आहे, आणि अतिदक्षता विभागातल्या रात्रपाळ्यांमध्ये तिचं निम्मं आयुष्य गेलं आहे. मी भूलतज्ज्ञ. नळी घालणं हे माझं काम, आणि ते फार तर मिनिटभराचं. पुढचे दहा दिवस ती नळी सांभाळणं हे तिचं काम. शाबासकी मात्र बहुतेक वेळा त्या एका मिनिटाला मिळत आली. म्हणून या पुस्तकाची प्रस्तावना भूलतज्ज्ञाने लिहिणं ही थोडीशी परतफेडच समजावी.

नवख्या वाचकाने आधी एवढंच लक्षात घ्यावं, की श्वासनलिकेत घातलेली नळी जीव वाचवते आणि त्याच वेळी रुग्णाकडून काही गोष्टी काढून घेते. पहिलं म्हणजे नाक. आपण ओढलेली हवा नाक-घशातून जाताना तापते आणि ओली होते. फुप्फुसाच्या खोल भागात पोचेस्तोवर ती ३७ अंश सेल्सिअसची आणि दर लिटरमागे ४४ मिलिग्रॅम पाणी धरून असते. भिंतीतल्या पाइपातून येणारा ऑक्सिजन जवळजवळ कोरडा असतो, आणि नळी त्याला नाक टाळून थेट आत सोडते. मग श्वासनलिकेच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस थबकतात, कफ घट्ट होतो, त्याची खपली धरते. दुसरं, खोकला. स्वरयंत्राची दारं घट्ट मिटून आत दाब साठवल्याशिवाय खरा खोकला येत नाही, आणि दारांच्या मधोमध नळी असल्यावर दारं मिटणार कशी? तिसरं, गिळणं. तोंडातली लाळ, जठरातून वर आलेला आंबट द्रव, दातांच्या फटींतले जंतू, हे सगळं घशात डबकं करून साचतं. आणि चौथा आवाज. हा गेल्याचं मॉनिटरवर कुठेच दिसत नाही.

श्वासमार्गाची निगा म्हणजे ही चार हिरावलेली कामं दुसऱ्या कोणीतरी अंगावर घेणं. ह्युमिडिफायरमध्ये पाणी भरणारा हात रुग्णाचं नाक होतो, सक्शनची कॅथेटर धरणारा त्याचा खोकला होतो. माझ्या दृष्टीने या क्षेत्रातली झाडून सगळी मार्गदर्शक तत्त्वं एवढ्या एका वाक्यातून निघतात.

इथे आपल्या भाषेची एक गंमत सांगायला हवी. आपल्या आयसीयूत ‘कफ’ दोन असतात. एक छातीतला, आयुर्वेदापासून चालत आलेला. दुसरा नळीच्या टोकाजवळचा हवेचा फुगा, इंग्रजीतून आलेला. ‘सिस्टर, कफ बघितला का?’ या प्रश्नाला दोन उत्तरं असू शकतात, आणि नव्या मुली हमखास चुकीचं देतात. गमतीचा भाग सोडला तर दोघांचं नातं सख्ख्या वैऱ्यांचं आहे. फुग्याने वरचा स्राव अडवायचा, आणि स्रावाने फुग्याच्या बारीक घड्यांतून चोरपावलांनी खाली उतरायचं. व्हेंटिलेटरमुळे होणाऱ्या न्यूमोनियाची बहुतांश कहाणी या घड्यांमध्ये घडते.

या नळीच्या कहाणीचा उगम सांगताना आंद्रेआस व्हेसालियसचं नाव घेतलं जातं. जनावराच्या श्वासनलिकेत बोरूची नळी घालून फुंकर मारली की फुप्फुस वर येतं, असं त्याने १५४३ सालच्या आपल्या शरीररचनेच्या ग्रंथात लिहून ठेवलं. पुढची जवळजवळ चार शतकं मी इथे ओलांडतो. १९२८ साली दोन गोष्टी घडल्या. बॉस्टनमध्ये फिलिप ड्रिंकरचं ‘लोखंडी फुप्फुस’ पहिल्यांदा पोलिओच्या रुग्णासाठी वापरलं गेलं. आणि आर्थर ग्वेडेल व राल्फ वॉटर्स या अमेरिकी भूलतज्ज्ञांनी फुगा असलेली नळी प्रसिद्ध केली. फुगा किती घट्ट बसतो हे दाखवायला ग्वेडेलने आपल्या कुत्र्याला भूल देऊन, नळी घालून पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं. कुत्रा जागा झाला, अंग झाडलं आणि निघून गेला. त्याचं नाव त्यांनी ‘एअरवे’ ठेवलं होतं. आज कुठल्याही नैतिकता समितीने हा प्रयोग होऊ दिला नसता.

पण खरी सुरुवात कोपनहेगनची. १९५२ च्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची साथ आली, आणि ब्लेगडाम रुग्णालयात रोज डझनावारी रुग्ण येऊ लागले. श्वास देण्यासाठी हाताशी एक लोखंडी फुप्फुस आणि छातीवर बसवायची सहा कवचं. सुरुवातीच्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. विभागप्रमुख लासेन यांनी नाइलाजाने ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं. इब्सेनने शवविच्छेदनं पाहिली. फुप्फुसं इतकीही खराब नव्हती. रुग्ण आपल्याच लाळेत आणि कफात गुदमरत होते, आणि साचलेल्या कार्बन डायऑक्साइडने मरत होते. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात छेद घेऊन त्याने फुगा असलेली नळी बसवली, आतला स्राव ओढून काढला आणि हाताने पिशवी दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. ती वाचली. पण एवढ्या रुग्णांच्या पिशव्या दाबायच्या कोणी? वैद्यकीय महाविद्यालयातली मुलं आली. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन्महिने, रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण ८७ टक्क्यांवरून चाळीसच्या आसपास उतरलं. पुढल्या वर्षी इब्सेनने त्याच शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात जो कक्ष उघडला, त्याला जगातला पहिला अतिदक्षता विभाग मानतात. आपल्या प्रत्येक वॉर्डात खिळ्याला टांगलेली ‘अंबू बॅग’ही डेन्मार्कचीच, १९५६ सालची.

ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात यंत्राची म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. तिथे जीव वाचवणारं यंत्र नव्हतंच. मोकळा ठेवलेला श्वासमार्ग होता, स्राव ओढायची नळी होती आणि न झोपलेली मुलं होती. शिवाय पोलिओचे ते रुग्ण आणि आपला मण्यार चावलेला शेतकरी यांच्यात मला मोठं साम्य दिसतं. दोघांचीही फुप्फुसं मुळात निरोगी.

मुंबईत हाच धडा धनुर्वाताने शिकवला. जे. जे. रुग्णालयात डॉ. फारोख उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या रुग्णांना ट्रॅकिऑस्टॉमी (गळ्याला छेद देऊन बसवलेली नळी) आणि व्हेंटिलेटरच्या आधारे आठवडेच्या आठवडे सांभाळलं, आणि १५० रुग्णांचा अनुभव १९८७ साली प्रसिद्ध केला. जरा आवाज झाला तरी झटका येणाऱ्या रुग्णाचं सक्शन कसं करायचं, हे त्या पिढीच्या परिचारिका कुठल्याही पुस्तकाशिवाय शिकल्या. दुर्दैवाने त्यांनी शिकलेलं कोणी लिहून घेतलं नाही.

यंत्रं सर्रास झाली तशी इजांची दुसरी पिढी आली. साठच्या दशकातल्या नळ्यांचे फुगे ताठ रबराचे असत. रुग्ण वाचून घरी जाई आणि काही आठवड्यांनी घरघर करत परत येई, कारण फुग्याने दाबलेल्या जागी श्वासनलिका आकसलेली असे. आगीतून फुफाट्यात. कूपर आणि ग्रिलो या बॉस्टनच्या शल्यचिकित्सकांनी १९६९ मध्ये त्या इजेचं मूळ फुग्याच्या दाबात असल्याचं दाखवलं, आणि मऊ, मोठ्या, कमी दाबाच्या फुग्यांचे दिवस आले. १९८४ च्या एका अभ्यासाने आणखी नेमकं सांगितलं, की पाण्याच्या ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त दाब झाला तर अस्तराचा रक्तपुरवठा कमी होऊ लागतो. खाली २० च्या आत गेलात तर स्राव झिरपतो. म्हणजे फुग्याची सगळी शिस्त २० ते ३० या अरुंद पट्टीत आहे, आणि ती बोटाने फुगा चाचपून कळत नाही. मीही कित्येक वर्षं बोटानेच कळतं असं मानत होतो. दाबमापक हातात आला तेव्हा माझ्या बोटांची लाज निघाली.

आता आजच्या विचारप्रवाहांकडे येऊ. एकाच न्यूमोनियाला रोखण्यासाठी निदान चार पंथ तयार झाले आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी नेहमी पटतंच असं नाही.

पहिला पंथ साध्या सवयींचा. बार्सिलोनात १९९९ मध्ये ८६ रुग्णांचा एक अभ्यास झाला. पलंगाचं डोकं ४५ अंश वर ठेवलेल्यांपैकी ८ टक्क्यांना न्यूमोनियाची शंका आली, सपाट निजवलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना. फुकटात मिळणारं एवढं औषध वैद्यकात दुर्मीळ. पुढे अशा चार-पाच सवयींची मोळी बांधून सगळ्या एकदम पाळायच्या, अशी पद्धत रूढ झाली. पण नेदरलँड्समध्ये काही वर्षांनी पलंगांचे कोन खरोखर मोजले, तेव्हा ४५ ठरवूनही ते तिशीच्या खालीच निघाले. रुग्ण घसरतो, कोणीतरी पाठ पुसायला पलंग खाली करतं, पुन्हा वर करायचं राहून जातं. आपल्याकडे याहून बरं असेल असं मानायचं कारण नाही.

दुसरा पंथ म्हणतो, सगळ्यात चांगली नळी म्हणजे लवकर काढलेली नळी. शिकागोत २००० साली रोज सकाळी गुंगीचं औषध थांबवून रुग्णाला जागं केलं गेलं, आणि व्हेंटिलेटरवरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर आले. २००८ मध्ये त्याला रोजच्या स्वतःहून श्वास घेण्याच्या चाचणीची जोड मिळाली. माझा कल या पंथाकडे आहे हे लपवत नाही. गाढ झोपलेला रुग्ण नर्सिंगला सोयीचा असतो, नातेवाइकांना शांत वाटतो, आणि तेवढाच धोक्यात असतो.

तिसरा पंथ उपकरणांचा. फुग्याच्या वर साचलेलं डबकं उपसणारी जादा वाहिनी असलेल्या नळ्या, दाब आपोआप राखणारी यंत्रं, चांदीचा मुलामा दिलेल्या नळ्या, बंद सक्शन. यातली पहिली चीज खरोखर उपयोगी आहे. बंद सक्शनने कर्मचाऱ्यांवर उडणारे तुषार कमी होतात, पण न्यूमोनिया घटतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, हे विक्रेता सांगणार नाही. चौथा पंथ घसा आणि आतडं प्रतिजैविकांनी निर्जंतुक करण्याचा. तो डच लोकांनी जोपासला. त्यांच्याकडे औषधांना दाद न देणारे जंतू कमी आहेत, त्यांना ते परवडतं. आपल्या आयसीयूंत असिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला हे जंतू कार्बापेनेमसारख्या प्रतिजैविकालाही जुमानत नाहीत. तिथे या वाटेला मी तरी जाणार नाही.

या सगळ्यांत सर्वाधिक शिकवणारी गोष्ट क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाची. वर्षानुवर्षं आम्ही त्याने रुग्णांची तोंडं पुसली, फळ्यांवर लिहिलं, परीक्षेत विचारलं. मग जुने आकडे नीट एकत्र मांडले गेले तेव्हा फायद्याची खात्री उरली नाही, उलट मृत्यू किंचित वाढत असावेत अशी शंका आली. २०२२ च्या अमेरिकी शिफारशींनी ते वगळलं, आणि त्या जागी काय आलं? साधा टूथब्रश. दात घासायचे. आजीने सांगितलेलं.

मोजण्याच्या बाबतीतही सावध राहावं लागतं. अमेरिकेत रुग्णालयांना आपले आकडे जाहीर करावे लागू लागले तसा व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया अनेक ठिकाणी शून्यावर आला. २००५ ते २०१३ या काळातली कागदपत्रं त्रयस्थांनी तपासली तेव्हा तो दहा टक्क्यांच्या आसपास जिथल्या तिथे होता. आपल्याकडे तर आकडेच क्वचित ठेवले जातात, त्यामुळे खोटे आकडे देण्याची वेळही येत नाही.

न्यूमोनियावर इतकं लिहिलं जातं की नळीचे अपघात झाकोळून जातात. ब्रिटनमध्ये श्वासमार्गाच्या अपघातांच्या देशव्यापी तपासणीचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. आयसीयूतल्या मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक ठिकाणी, बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं उपकरण लावलेलं नसणं हे एक कारण ठरलं. निसटलेल्या ट्रॅकिऑस्टॉमी नळ्यांनीही बरेच घात केले होते. आपल्याकडे ट्रॅकिऑस्टॉमीबद्दल नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘गळ्याला भोक पाडणार?’ त्याचं उत्तर कसं द्यावं यावर लेखिकेने जी दोन पानं लिहिली आहेत, ती मला तिशीत मिळाली असती तर फार बरं झालं असतं.

माझ्या हातून घडलेलं एक सांगतो. एका तालुक्याच्या गावी, कीटकनाशक पिऊन आलेला एक तरुण. अशा रुग्णाला आधी स्रावांचा पूर येतो आणि ॲट्रोपिन दिलं की सगळं कोरडं पडतं. रात्री ह्युमिडिफायरमधलं पाणी संपलं. पहाटे यंत्र दाबाचा इशारा देऊ लागलं. आम्ही यंत्राशी झटत बसलो, औषधं बदलली, छातीचा एक्स-रे मागवला. पाळीवर असलेल्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, ‘सर, कॅथेटर आतच जात नाहीये.’ नळी बदलली. जुन्या नळीच्या टोकाशी मक्याच्या दाण्याएवढी तपकिरी खपली होती. तरुण वाचला, पण ती खपली मी बरीच वर्षं बाटलीत जपून ठेवली आणि विद्यार्थ्यांना दाखवत राहिलो.

हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर अवघड नाही. २०२० आणि २०२१ मध्ये व्हेंटिलेटर जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोचले. काही ठिकाणी ते खोक्यांतून बाहेरच आले नाहीत अशा बातम्याही आपण वाचल्या. यंत्र विकत घेता येतं, ते सांभाळणारे हात महिनाभरात तयार होत नाहीत. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका हे मानक आहे, आणि रात्री दोन वाजता कुठल्याही विभागात जाऊन पाहिलं तर प्रत्यक्ष काय असतं ते कळतं. त्यातून शिकायचं सगळं साहित्य इंग्रजीत. जीएनएमची परीक्षा इंग्रजीतून देऊन आलेली मुलगी काम मात्र मराठीतून करते. हँडओव्हर मराठीत, मामांना आणि मावशींना सूचना मराठीत, घाबरलेल्या रुग्णाच्या कानात ‘नळी ओढू नका हं, मी इथेच आहे’ हेही मराठीतच. पलंग खाली-वर करतात ते मामा, तोंड पुसतात त्या मावशी. त्यांच्यापर्यंत शास्त्र त्यांच्या भाषेत कधी गेलंच नाही.

लेखिकेने ती उणीव भरायचा यत्न केला आहे. पुस्तकाची रचना पाळीच्या घड्याळाप्रमाणे आहे. ड्यूटीवर येताच काय पाहायचं, नळीवरचा आकडा दातांपाशी किती आहे ते कसं नोंदायचं (बायकांत साधारण २१, पुरुषांत २३ सेंटिमीटर), सक्शन घड्याळ बघून करायचं नाही, तर गरज पाहून करायचं, कॅथेटर पंधरा सेकंदांच्या वर आत ठेवायची नाही. कॅथेटर आत असेपर्यंत आपणही आपला श्वास रोखून धरायचा, मग वेळ आपोआप कळते, ही तिची युक्ती जुनीच आहे, पण तिने ती इतक्या सहज सांगितली आहे की विसरता येत नाही. आवाज हिरावलेल्या रुग्णासाठी शेवटी एक मराठी तक्ता दिला आहे. ‘तहान लागली’, ‘पाठ दुखते’, ‘भीती वाटते’, ‘घरचे कुठे आहेत’. रुग्णाने बोट ठेवायचं. हा तक्ता फाडून वापरता यावा अशीच छपाई केली आहे.

एका ठिकाणी माझे आणि तिचे मतभेद आहेत. सक्शनच्या आधी नळीत सलाईनचे थेंब सोडण्याला तिचा साफ विरोध आहे. सरसकट सोडू नयेत हे मलाही मान्य, पण घट्ट खपली अडकलेल्या एखाद्या रात्री मी सोडले आहेत आणि सोडीन. आम्ही यावर दोन संध्याकाळी भांडलो. छापलं आहे ते तिचं मत, कारण पुस्तक तिचं आहे.

वाचकाला एक विनंती. यातले काही आकडे आणि काही सूचना पुढल्या दहा वर्षांत बदलतील, जसं क्लोरहेक्झिडिनचं झालं. जिथे बदल कळेल तिथे समासात पेन्सिलीने तारीख घालून तो लिहा. ही प्रत कपाटात ठेवू नका, नर्सिंग स्टेशनवर ठेवा. आणि आत्ता हे वाचताना तुम्ही ड्यूटीवर असाल, तर आधी उठून ह्युमिडिफायरमधलं पाणी बघून या.